पाण्यांतील अदृश्य विष आणि प्रकाशाची साक्ष

पाणी दिसण्यांत निर्मळ असलें, त्यास वास नसला आणि चवही गोड असली, म्हणजे तें निर्दोष आहे असें मानण्याची मनुष्याची फार जुनी सवय आहे. पाण्यांत गाळ असेल तर तो फडक्यानें गाळून काढतां येतो. जंतु असतील तर पाणी उकळून ते मारतां येतात. परंतु जे पदार्थ पाण्यांत पूर्णपणें विरघळून त्यांचे विद्युद्भारित कण झालेले असतात, त्यांचें काय करावें? ह्या कणांना रसायनशास्त्रांत आयन म्हणतात. पारा, शिसें, तांबें इत्यादि धातूंचे आयन धनभारित असतात. फ्लोराइड, सायनाइड, नायट्रेट हे ऋणभारित असतात व त्यांना ऋणायन अशी संज्ञा आहे. हे कण फडक्यांत अडकत नाहींत, उकळल्यानें नाहींसे होत नाहींत आणि डोळ्यांना तर मुळींच दिसत नाहींत. त्यांस दृश्य करण्यासाठीं मनुष्यानें जे उपाय योजिले, त्यांपैकीं एक अत्यंत सूक्ष्म उपाय प्रकाशाचा आहे. ह्या उपायाचा इतिहास साडेचार शतकांचा असून त्याची सुरुवात एका लाकडाच्या ढलपीपासून झाली.

इ. स. १५६५ मध्यें स्पेन देशांतील सेव्हिल शहराचे वैद्य निकोलास मोनार्देस ह्यांनीं नव्या जगांतून येणाऱ्या औषधींविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मेक्सिकोकडून येणाऱ्या एका लाकडाचें वर्णन आहे. मूत्रपिंडाच्या विकारांवर तें गुणकारी मानलें जात असे. त्याच्या ढलप्या स्वच्छ पाण्यांत घातल्या म्हणजे थोड्या वेळानें पाण्यावर निळसर झांक येई. औषधाला मागणी वाढली तशी बाजारांत भेसळही आली. तेव्हां मोनार्देस ह्यांनीं घेणाऱ्यासाठीं एक खूण सांगून ठेविली: पाण्यास निळी झांक आणील तें लाकूड खरें, न आणील तें खोटें. पदार्थाच्या अंगच्या प्रकाशावरून खऱ्याखोट्याची पारख करण्याचें हें अगदीं जुनें लिखित उदाहरण होय.

सुमारें शंभर वर्षांनीं इंग्लंडमध्यें रॉबर्ट बॉइल ह्यांच्या हातीं तेंच लाकूड आलें. रंगांविषयींच्या आपल्या १६६४ सालच्या ग्रंथांत त्यांनीं नमूद केलें आहे कीं, ह्या पाण्यांत आम्ल पदार्थाचे थेंब घातले असतां निळी झांक नाहींशी होते आणि मागाहून अल्क घातलें असतां ती परत येते. ज्या द्रवाची परीक्षा करावयाची तो आम्ल आहे कीं नाहीं, हें ह्या रंगावरून ठरवितां येईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. आम्लता म्हणजे हायड्रोजनच्या आयनांचें आधिक्य, हें ज्ञान त्या काळीं कोणासही नव्हतें. तरीही प्रकाशाच्या साह्यानें पाण्यांतील आयन ओळखण्याचा प्रयोग बॉइल ह्यांनीं केलाच होता. त्याचें नांव मात्र त्यांस ठाऊक नव्हतें.

तें नांव १८५२ सालीं मिळालें. केंब्रिज येथील गणिती जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स ह्यांनीं सूर्यप्रकाशाचा वर्णपट पसरून त्यांत क्विनीनच्या द्रावणाची नळी तांबड्या टोकाकडून जांभळ्या टोकाकडे हळूहळू सरकवीत नेली. दृश्य रंगांत असेपर्यंत द्रावण पाण्यासारखें निर्विकार राहिलें. परंतु जांभळ्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यास केवळ अंधार दिसतो तेथें, तें निळ्या तेजानें उजळून निघालें. अदृश्य जंबुपार किरण शोषून घेऊन त्यांतील ऊर्जेचा कांहीं अंश दृश्य प्रकाशाच्या रूपानें परत देण्याचा हा धर्म होय. फ्लुओरस्पार नांवाच्या खनिजांत तो आढळतो, म्हणून स्टोक्स ह्यांनीं त्यास ‘फ्लुओरेसन्स’ असें नांव दिलें. मराठींत त्यास प्रतिदीप्ति म्हणतां येईल. योगायोग असा कीं, हें खनिज म्हणजे कॅल्शियमचें फ्लोराइड. आणि प्रतिदीप्तीस नांव देणाऱ्या ह्याच खनिजांतील फ्लोराइड आयन पुढें तिच्या साह्यानें शोधला जावयाचा होता.

साध्या रंगाच्या परीक्षेहून ही परीक्षा अधिक सूक्ष्म कां, हें सहज समजण्यासारखें आहे. रंगाच्या परीक्षेंत भरपूर प्रकाशांतून किंचित् प्रकाश कमी झाला काय, हें पाहावयाचें असतें. प्रतिदीप्तींत अंधारांत किंचित् प्रकाश उत्पन्न झाला काय, हें पाहावयाचें असतें. भर दुपारीं मशालही फिकी पडते. अंवसेच्या रात्रीं कोसावरची पणतीही डोळ्यांत भरते.

ह्या गुणाचा धातूच्या शोधासाठीं पहिला हेतुपुरस्सर उपयोग फ्रीड्रिख गॉपेल्सरोडर ह्यांनीं स्वित्झर्लंडमधील बासेल येथें १८६७ सालीं केला. कापड रंगविण्याच्या पिवळ्या लाकडांतून निघणारें मोरिन नांवाचें द्रव्य अॅल्युमिनियमच्या क्षारांशीं मिळालें असतां हिरव्या तेजानें चमकते, असें त्यांस आढळलें. ह्याचें कारण आज स्पष्ट आहे. एकटा मोरिनचा रेणु प्रकाश शोषून घेतो, परंतु ती ऊर्जा हालचालींत व उष्णतेंत उधळून टाकतो. अॅल्युमिनियमचा आयन त्यास दोन बाजूंनीं पकडून ताठ करतो. मग ऊर्जेस प्रकाशावांचून दुसरी सोयीची वाट उरत नाहीं. ह्याच्या उलट कित्येक धातूंचे आयन, विशेषतः तांबें व पारा ह्यांचे, चमकणाऱ्या रेणूची ऊर्जा वळवून त्याचा प्रकाश मालवितात. एकंदरींत आयन आला म्हणजे दिवा लागतो, अथवा लागलेला दिवा विझतो. दोन्ही प्रकारांनीं त्याची वर्दी मिळते. नंतरच्या काळांत मोरिनच्या ह्याच द्रावणानें फ्लोराइडचीही परीक्षा होऊं लागली. फ्लोराइडचें अॅल्युमिनियमवर फार प्रेम. तें त्यास मोरिनच्या मिठींतून ओढून घेतें आणि हिरवें तेज मंदावते.

हा सर्व खटाटोप केवळ विद्वानांच्या कुतूहलासाठीं नव्हता, हें विसाव्या शतकानें दाखवून दिलें. १९३७ सालीं डॉ. शॉर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोरकडील गांवांचा एक वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथें मुलांचे दांत डागाळलेले असत आणि प्रौढ वयांत पाठीचा कणा व सांधे ताठ होऊन माणसें वांकत. विहिरींचें पाणी पाहण्यांत स्वच्छ होतें. दोष होता तो खडकांतून त्यांत उतरलेल्या फ्लोराइडचा. महाराष्ट्रांतही चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गांवांस ह्या दुखण्याची ओळख आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत एका लिटरमागें १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें, आणि दुसरें पाणीच उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सोसावें लागतें. अल्प प्रमाणांत तें दांतांस हितकर असून अधिक झालें म्हणजे हाडांस घातक होतें. म्हणून ह्या परीक्षेंत ‘आहे कीं नाहीं’ एवढ्यानें भागत नाहीं. ‘किती’ हें कळावें लागतें.

दुसरी कथा जपानमधील मिनामाता गांवची. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून पाऱ्याच्या साह्यानें अॅसेटाल्डिहाइड तयार करी आणि सांडपाणी समुद्रांत सोडी. त्यांतील पाऱ्याचें सेंद्रिय संयुग मासळींत सांचत गेलें. गांवचीं मांजरें झपाटल्यासारखीं नाचून मरूं लागलीं. नंतर माणसांची वाचा व चाल गेली. १९५६ सालच्या १ मे रोजीं कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा ह्यांनीं ह्या अज्ञात रोगाची वर्दी सरकारास दिली. कारणाचा शोध करतांना कुमामोतो विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं प्रथम मँगॅनीज, मग सेलेनियम, मग थॅलियम ह्यांवर संशय घेतला. सेंद्रिय पारा हेंच कारण, असा निष्कर्ष निघावयास १९५९ साल उजाडलें. मधल्या तीन वर्षांत लोक मासे खातच होते. अनेक आयनांच्या गर्दींतून नेमका अपराधी ताबडतोब दाखवील अशा साधनाची गरज किती होती, तें ह्यावरून दिसतें.

नेमकेपणाचा प्रश्न सुटण्यास एका आकस्मिक शोधाची मदत झाली. अमेरिकेंतील ड्युपाँट कंपनीचे रसायनज्ञ चार्ल्स पेडरसन ह्यांनीं १९६७ सालीं मुकुटासारख्या कड्याच्या आकाराचे रेणु प्रसिद्ध केले. कड्याच्या पोकळींत जो धातु-आयन बरोबर बसेल तोच ते घट्ट धरीत. बोटाच्या मापाची अंगठी असावी तसाच हा प्रकार. ह्या शाखेंतील कार्याबद्दल पेडरसन, लेन व क्रॅम ह्यांस १९८७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें श्रीलंकेंत जन्मलेले व बेलफास्ट येथें अध्यापन करणारे ए. प्रसन्न डि सिल्वा ह्यांनीं १९८६ सुमारास अशा कड्यास चमकणारा रेणु जोडला. कडें रिकामें असेपर्यंत त्यांतून एक इलेक्ट्रॉन उडी घेऊन प्रकाश मालवितो. आयन कड्यांत बसला कीं ती उडी थांबते आणि दिवा लागतो. ह्याच तत्त्वावर रक्तांतील सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम मोजणारीं यंत्रें निघालीं, आणि रुग्णाच्या उशाशीं कांहीं क्षणांत हीं मापें मिळूं लागलीं.

ऋणायनांची गोष्ट अधिक अवघड होती. ते आकारानें मोठे, रूपानें नाना तऱ्हेचे, आणि पाण्याच्या रेणूंचें वेष्टण त्यांच्याभोंवतीं घट्ट बसलेलें. १९६८ सालीं ड्युपाँटमधीलच पार्क व सिमन्स ह्यांनीं पिंजऱ्यासारख्या रेणूंत क्लोराइडसारखे ऋणायन कोंडून दाखविले, तेव्हां ह्या वाटेवर पहिलें पाऊल पडलें.

तरीही एक उणीव राहिली. विष फारच थोडें असलें तर करावें काय? एका रेणूवर एक आयन बसला तर एकच दिवा लागतो वा विझतो; लक्षावधि रेणूंत एवढ्याचा मागमूस लागत नाहीं. ह्या उणीवेवर तोड मिळाली ती बहुवारिकांच्या शास्त्रांतून. बहुवारिक म्हणजे एकाच घडणीच्या लहान रेणूंची लांबच लांब सांखळी. रबर, रेशीम, कापूस हीं तिचीं निसर्गांतील उदाहरणें. १९२० सालीं जर्मन रसायनज्ञ हेर्मान स्टाउडिंगर ह्यांनीं ह्या पदार्थांचे रेणु खरोखरच असे दीर्घ असतात, हें मत मांडलें. त्या वेळीं मोठमोठ्या रसायनज्ञांनीं त्यांचा उपहास केला. १९५३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां वय सत्तरीच्या पुढें गेलें होतें.

बहुवारिक म्हणजे वीज न वाहणारा पदार्थ, अशीच सर्वांची समजूत होती. १९६७ सालीं टोकिओ येथें हिदेकी शिराकावा ह्यांच्या प्रयोगशाळेंत उत्प्रेरक चुकून हजारपट अधिक पडला आणि पॉलिअॅसेटिलीनच्या काळ्या भुकटीऐवजीं चकचकीत पापुद्रा तयार झाला. पुढें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अॅलन मॅकडायर्मिड व अॅलन हीगर ह्यांच्यासह त्यांनीं ह्या पापुद्र्यावर आयोडीनची वाफ सोडली. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत पापुद्र्याची वीज वाहण्याची शक्ति सुमारें एक कोटीपट वाढली. अशा सांखळींत दुहेरी व एकेरी बंध आळीपाळीनें असल्यामुळें इलेक्ट्रॉनांस एका कडीवरून दुसरीवर जाण्याची मोकळीक असते. ह्या शोधास २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच विद्यापीठांत १९९५ सालीं टिमोथी स्वेगर व चिन झोउ ह्यांनीं ह्या मोकळिकीचा नवा उपयोग दाखविला. त्यांनीं चमकणाऱ्या बहुवारिकाच्या सांखळींत प्रत्येक कडीवर आयन पकडणारें एकेक कडें बसविलें. सांखळीवर प्रकाश पडला म्हणजे त्याची ऊर्जा एका जागीं स्थिर न राहतां कड्यांमागून कडी ओलांडीत धांवते. वाटेंत कोठेंही एका जागीं प्रकाश मालविणारा कण बसला असेल, तर धांवती ऊर्जा त्याच्या तावडींत सांपडते आणि सबंध सांखळी विझते. गणेशोत्सवांतील किंवा दिवाळींतील जुन्या पद्धतीच्या विजेच्या माळेंत एक दिवा निकामी झाला कीं सगळी माळ अंधारते, तसाच हा प्रकार. माळ लावणाऱ्यास ही कटकट वाटते. परीक्षकास मात्र तीच इष्ट. परीक्षेसाठीं त्यांनीं पॅराक्वाट हा तणनाशकांतील दुहेरी धनभाराचा कण घेतला. सुट्या रेणूशीं तुलना करतां सांखळीची संवेदनशक्ति सुमारें ६५ पट भरली. १९९९ सालीं अमेरिकेंतील दुसऱ्या एका गटानें पाण्यांत विरघळणारें, स्वतः ऋणभारित असलेलें बहुवारिक वापरून ही वाढ लाखपटींच्याही पुढें नेली. विरुद्ध भारामुळें धनभारित कण सांखळीकडे आपण होऊन खेंचले जातात, हें त्याचें एक कारण.

ह्यानंतर एकेका आयनासाठीं निराळ्या सांखळ्या बनूं लागल्या. २००० सालीं स्वेगर ह्यांच्या गटानें पोटॅशियम ओळखणारें बहुवारिक तयार केलें, त्यांतील युक्ति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सांखळीवर जडविलेली कडीं मुद्दाम लहान मापाचीं ठेविलीं. सोडियम त्यांत नीट बसतो आणि कांहीं घडत नाहीं. पोटॅशियम आकारानें मोठा असल्यामुळें एका कड्यांत मावत नाहीं. तो दोन सांखळ्यांवरील दोन कडीं दोन्ही बाजूंनीं ओढून घेतो. त्यामुळें सांखळ्या एकमेकींस चिकटतात आणि त्यांचा प्रकाश बदलतो. पाऱ्यासाठीं थायमीन उपयोगीं पडलें. हें आनुवंशिक द्रव्यांतील एक घटक असून त्याचे दोन रेणु पाऱ्याच्या एका आयनास मध्यें धरून ठेवितात. इतर धातूंशीं त्यांचें असें सख्य जमत नाहीं.

फ्लोराइडसाठीं २००३ सालीं जी योजना निघाली ती निराळीच. फ्लोराइड व सिलिकन ह्यांचा बंध अत्यंत बळकट. म्हणून सांखळीवरील कांहीं जागा सिलिकनयुक्त टोपणांनीं झांकून ठेविल्या. फ्लोराइड येतांच तें टोपण उडवितें. उघडी पडलेली जागा आपल्याआपण वळून बंद कड्याचें रूप घेते आणि नवा चमकणारा रेणु जन्मास येतो. सांखळींतील धांवती ऊर्जा ह्या नव्या रेणूकडे वळते, आणि जुन्या रंगाच्या जागीं नवा रंग दिसूं लागतो. प्रकाश नुसता विझण्यापेक्षां रंग पालटणें अधिक भरंवशाचें. कारण दिवा इतरही कारणांनीं विझूं शकतो. सायनाइडसाठीं आणखी एक वाट आहे. २००८ सालीं वुहान व हाँगकाँग येथील रसायनज्ञांनीं असें बहुवारिक वर्णिलें कीं, तांब्याचे आयन आले असतां तें विझते. मग सायनाइड आलें कीं तें तांब्यास हिरावून नेतें आणि सांखळी पुन्हां उजळते. मोरिनच्या प्रयोगांतील ओढाताण येथें नव्या रूपानें भेटते.

ह्या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फ्लोराइडची वरील परीक्षा सेंद्रिय द्रावकांत झाली. विहिरीच्या पाण्यांत फ्लोराइड आयनाभोंवतीं पाण्याचें वेष्टण इतकें घट्ट असतें कीं त्याची धार बोथट होते. गढूळ पाण्यांत प्रकाश आपण होऊन मंदावतो. प्रयोगशाळेंत एकेक आयन वेगळा तपासला जातो, नदींत ते सर्व एकत्र असतात. म्हणून सरकारी निकालासाठीं आजही फ्लोराइड विद्युदग्रानें मोजतात आणि धातूंसाठीं मोठीं यंत्रें वापरतात. परंतु तीं यंत्रें महाग असून शहरांत असतात, आणि विहिरी खेड्यांत असतात. चमकणाऱ्या बहुवारिकाचा पातळ पापुद्रा कागदाच्या पट्टीवर देतां येतो. पट्टी, एक जंबुपार दिवा आणि मनुष्याचे डोळे एवढ्यावर गांवांतच पहिली झडती घेतां यावी, हा ह्या सर्व शोधांमागील हेतु आहे.

झडतीनंतरचें काम मात्र मनुष्याचेंच. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत तुरटी व चुना घालून पाण्यांतील फ्लोराइड खालीं बसविण्याची रीत सिद्ध केली. नलगोंडा ह्या पीडित जिल्ह्याच्या नांवानें ती ओळखली जाते. तुरटींतील अॅल्युमिनियम फ्लोराइडला ओढून घेतें. बासेलच्या प्रयोगशाळेंतील धातु गांवच्या बादलींत उपयोगीं पडला. मिनामाताची हकीकत ह्याच्या उलट आहे. १९५९ सालीं डॉ. होसोकावा ह्यांनीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत घालून एका मांजरास दिलें, आणि त्यास तोच रोग झाला. कंपनीनें तो प्रयोग प्रसिद्ध होऊं दिला नाहीं. पाऱ्याचा वापर थांबला तो १९६८ सालीं. मधल्या नऊ वर्षांत कारण कळलेलें होतें, सांगितलेलें नव्हतें. पाऱ्यावर नियंत्रण घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला आणि २०१७ सालीं अंमलांत आला; त्यास मिनामाता हेंच नांव देण्यांत आलें.

सेव्हिलच्या वैद्यानें लाकडाची खूण ग्रंथांत छापून ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातीं दिली होती. आजच्या प्रकाशमय सांखळ्या त्या ढलपीहून कितीतरी कुशल आहेत. त्यांची साक्ष ज्याला तें पाणी प्यावयाचें आहे त्याच्यापर्यंत पोंचली, तरच तिचें सार्थक.